सोंगाचा तास

चिंचवडच्या बाजारात मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना एकच हात होता. अंगातल्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही रिकामी होती आणि दुमडून, सेफ्टी पिनेनं खांद्याशी टाचलेली होती. गळ्यात पिशवी अडकवून त्या डाव्या हातानं वांगी निवडत होत्या. भाजीवाली मदतीला पुढं वाकली तर तिच्यावरच खेकसल्या, "राहू दे गं. कुठं अडतं ते मला बघू दे." आणि अडलंच. पिशवी गर्रकन फिरली, निम्मी वांगी रस्त्यावर घरंगळली आणि बाई भर बाजारात उकिडव्या बसून ती एकेक करून गोळा करायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. चाळिशी उलटलेली, चांगल्या घरची दिसणारी बाई, आणि तिच्यावर ही पाळी यावी!

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात आमच्या पहिल्या तासाला त्याच बाई आल्या आणि दोन्ही हातांनी टेबल ओढून त्यांनी खिडकीपाशी नेलं. मी आ वासून बघत राहिले. त्यांनी मला बरोबर ओळखलं.

"काल निळं पातळ नेसून वांग्यांशी उभी होतीस, ती तूच ना? तोंड का पाडलं होतंस?"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"हात नाही असं वाटलं. मग वाईट वाटलं. आणि मग तिथंच उभी राहिलीस. वाईट वाटलं की माणूस नेहमी जागच्या जागी उभा राहतो. बैस खाली."

ही माझी आणि बाईंची ओळख.

तेव्हा व्यवसायोपचार हा शब्दसुद्धा कुणी ऐकलेला नव्हता. आमच्या तळेगावात लोक माझ्या वडिलांना विचारत, "मुलगी नर्स होणार का?" वडील "जवळजवळ तसंच" म्हणून वेळ मारून नेत. आजारानं किंवा अपघातानं ज्याचं अंग अडलं, त्याला जेवणखाण, अंघोळ, कपडे, कामधंदा हे सगळं पुन्हा आपलं आपण करता यावं म्हणून शिकवायचं, असं आमचं काम. मुंबईला आमचं शिक्षण चाले आणि प्रात्यक्षिकासाठी आम्हा काही मुलींना या इस्पितळात धाडलं होतं. मुंबई-पुणे रस्त्यालगत लढाईच्या काळातल्या लष्करी बराकी उरल्या होत्या. काहींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं संसार मांडून होती, आणि पलीकडच्या बराकींमध्ये आमचं इस्पितळ. वर पत्रे, खाली कोबा. समोर माळ. पिंपरीच्या बाजूला नव्या कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या मधल्या सुट्टीची घंटा व्हायची.

शेवटच्या बराकीत बाईंनी एक खोटं घर थाटलं होतं. त्यात चूल होती, पाटा-वरवंटा होता, मोरी होती, बाज होती आणि बसकी घडवंची होती. लाकडाचा एक उंबरठा होता, त्याची उंची खाली फळ्या सारून कमीजास्त करता यायची. आगगाडीच्या डब्याच्या दोन पायऱ्या होत्या, त्या डब्याविनाच उभ्या असत. एका भिंतीवर निरनिराळ्या तऱ्हेच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि खिट्ट्या ठोकलेल्या होत्या. बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराची कडी उघडून-लावून बघत. यजमान "या, या" म्हणत असे आणि बाई दारातच. एका लग्नात तर पंगत बसायच्या वेळी त्यांनी वरबापाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या पाहुण्यांत मांडी घालता न येणारं कुणी असेल, तर त्याला कुठं बसवणार?" बिचारा म्हणाला, "असं कुणी नाही." बाई म्हणाल्या, "असेल. तो आला नसेल."

त्या बराकीतल्या तासाला आम्ही 'सोंगाचा तास' म्हणायचो. नाव बाईंनीच ठेवलेलं. गुडघ्याच्या मागे बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि मग मोरीवर बसून अंघोळ करायची. चष्म्याच्या काचांना एरंडेल फासायचं आणि तांदूळ निवडायचे. बोटं सुतळीनं एकत्र गुंडाळायची आणि निऱ्या काढायच्या. माझी मैत्रीण कुसुम पहिल्या दिवशी निऱ्या काढता काढता इतकी चिडली की सगळं पातळ फेकून परकरावरच भिंतीला टेकून रडत बसली. बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. समजूत घालतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "रडून घे. पण कशाचं रडू आलं ते नीट लक्षात ठेव. निऱ्यांचं नाही आलं. आम्ही बघत होतो, त्याचं आलं. पेशंटपुढं उभी राहशील तेव्हा तोंड दुसरीकडं वळवायला शिक."

आमच्यावर जे लादत ते त्या आधी स्वतःवर करत. आठवड्यातला एखादा दिवस त्या कुठलातरी अवयव वजा करून बाजारात जात. सगळ्या बाजाराला याची सवय झाली होती. पुलाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा होते, ते लांबूनच हाक मारत, "आज क्या गया, बाई? हाथ या पाँव?" बाई म्हणत, "आज नजर." चाचा ताबडतोब रस्त्यातली सायकल बाजूला घेत. आमच्या पेशंटांना लागणाऱ्या आकड्या, पकडी, वाकवलेले चमचे हे सगळं चाचाच करून देत.

बाईंचं खरं कसब मात्र दुसरंच. त्या पेशंट होत. "आज मी बाबू गाडीवान," म्हणून बाजेवर बसल्या की त्यांचा चेहरा एका अंगानं लोंबायचा, जीभ जड व्हायची आणि समोर खरंच एक अर्धांगाचा गाडीवान बसलेला दिसायचा. त्यांना सदरा घालायला शिकवण्याची पाळी माझी होती. मी पुस्तकाप्रमाणे सांगितलं, आधी लुळा हात बाहीत घाला. गाडीवान म्हणाला, "बरं." आणि बसून राहिला. मी पुन्हा सांगितलं. "बरं." करून दाखवलं. "बरं." शेवटी मीच तो हात धरून बाहीत कोंबला, सदरा ओढला, बटणं लावली आणि झालं एकदाचं म्हणून सुस्कारा टाकला. गाडीवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरून "बाई, बाई" म्हणायला लागले, तर बाई कुठं होत्या तिथं! बाबू गाडीवान आपला मान खाली घालून बसला होता.

तास संपल्यावर बाई चेहरा पुसत म्हणाल्या, "नुसतं बरं म्हणणारा माणूस ऐकत नसतो गं. तो तुझी सुटका करत असतो. तुझी पाच मिनिटं संपावीत म्हणून बरं म्हणतो."

पुढं आयुष्यभर पेशंट "बरं" म्हणाला की माझे कान टवकारत.

बाई आधी कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवत होत्या. हा नवा अभ्यासक्रम निघाला तेव्हा नोकरी सोडून, निम्म्या वयाच्या मुलींच्या बरोबरीनं बाकावर बसून शिकल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरचं माणूस कुणी येताना दिसलं नाही. त्या एकट्या, मागच्या क्वार्टरमध्ये राहत. एक मांजर होतं, त्याला तीनच पाय होते. ते बाईंनी मुद्दाम शोधून आणलंय असं कुसुमचं म्हणणं, पण ते आपणहून आलेलं होतं.

आता हौसाची गोष्ट सांगते, कारण बाई म्हटलं की मला हौसाच आठवते.

हौसा महाळुंग्याची. विशी-बाविशीची, सणसणीत उंच, शेतकऱ्याची सून. गुऱ्हाळात ऊस चरकात सारताना उजवा हात आत ओढला गेला. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात कोपराच्या खाली हात कापावा लागला आणि जखम भरल्यावर तिला आमच्याकडं पाठवलं. नवरा ज्ञानू बैलगाडीतून घेऊन आला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "आमची म्हातारी म्हनती, सैपाकपानी जमल तवाच घरी आन. तसं न्हाई जमलं तर..." ठकू म्हणून चारेक वर्षांची मुलगी होती, ती सासूजवळ होती.

हौसा आली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. कुणाशी बोलेना. ताट यायचं तसं जायचं. आम्ही आळीपाळीनं जाऊन बसायचो, गोड बोलायचो, तर ती पदर डोक्यावरून ओढून घ्यायची.

एक दिवस बाई बाजारातून थेट वॉर्डात आल्या. बाही टाचलेली तशीच होती. हौसाच्या खाटेजवळून जाताना त्यांच्या डाव्या हातातली पिशवी खाली पडली. हौसानं मान वळवली. रिकाम्या बाहीकडं तिनं किती तरी वेळ पाहिलं. मग खरखरीत आवाजात विचारलं, "तुमचाबी चरकात गेला का वो?"

ती आमच्याकडं आल्यापासूनचं हे पहिलं वाक्य. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी पडलेली पिशवी डाव्या हातानं उचलली. मग म्हणाल्या, "नाही. दुसरीकडं."

एवढंच म्हणाल्या. हौसा उठून बसली. "मंग भाकरी कशी करता?"

"जमत नाही अजून," बाई म्हणाल्या. "दोघी मिळून बघू या का?"

त्या संध्याकाळी हौसा जेवली.

मग बाई दिवसभर बाही टाचूनच वावरायला लागल्या आणि रोज खोट्या घरातली चूल पेटायला लागली. दोघी समोरासमोर बसत, दोघींना एकेक डावा हात. परात सरकायची, म्हणून तिच्याखाली ओल्या फडक्याची चुंबळ ठेवली. भाकरी थापायला एक हात पुरतो, उचलायला मात्र दोन लागतात. पहिले दिवस नुसते तुकडेच झाले. हौसाच्या भाकरीचे झाले तसे बाईंच्याही झाले, कारण बाईंना दोन्ही हातांनीही भाकरी येत नव्हती. हौसा हसली ती तेव्हा. "आवो, तुमास्नी हात व्हता तवा तरी येत व्हती का?" बाई म्हणाल्या, "नाही गं." ते मात्र अगदी खरं होतं. शेवटी ओल्या फडक्यावर भाकरी थापायची आणि फडक्यासकट तव्यावर उलटी घालायची, ही युक्ती हौसालाच सुचली. पहिली अख्खी भाकरी तव्यावर फुगली तेव्हा तिनं ती बाईंच्या ताटात वाढली.

आम्हाला हे बरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. वॉर्डातल्या इतर बायकांना खरं काय ते ठाऊक होतं, पण बाईंचा मान म्हणून कुणी बोललं नाही. एकटी म्हातारी आया बोलली. माझ्यासमोरच ती बाईंना म्हणाली, "बाई, कुनी आंधळं आसल तर त्येच्याम्होरं डोळं मिटून चालू नये."

बाई म्हणाल्या, "कळतं गं मला. तिची भाकरी नीट झाली की सांगते." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मला वाटतं, तोवर त्यांना उशीर झाला होता. हौसा त्यांना सकाळी हाक मारायला लागली होती. बाईंच्या केसांत एका हातानं पिना खोचून द्यायला लागली होती. एकदा तिनं बाईंना विचारलं, "रातच्याला तुमची बोटं दुखत्यात का? नसल्याली बोटं? माझी लई दुखत्यात." बाई उठून बाहेर गेल्या.

ज्ञानू ठकूला घेऊन भेटायला आला तो दिवस. हौसानं नवऱ्याला दाखवण्यासाठी मुद्दाम चूल पेटवली होती. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला आमटीचं पातेलं रटरटत होतं. ज्ञानू दारात उकिडवा बसून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता. ठकू इकडून तिकडं पळत होती. त्या खोट्या उंबरठ्यात तिचा पाय अडकला आणि ती तोल जाऊन थेट चुलीकडं कोलमडली.

हौसा झेपावली ती नसलेल्या हातानं. तो हात पोरीपर्यंत पोचला नाही. आणि त्याच वेळी बाईंच्या कोटाची बटणं तटतट तुटली, आतून उजवा हात बाहेर आला आणि त्यानं ठकूला परकराला धरून मागं खेचलं. पातेलं कलंडलं. आमटी चुलीत सांडून धूर झाला. ठकूला ओरखडाही आला नाही.

धूर विरला तेव्हा बाई दोन्ही हातांनी पोरीला छातीशी धरून बसल्या होत्या. ज्ञानू हात जोडून म्हणत होता, "बाई, पोर वाचली. लई उपकार झालं." त्याच्या काही लक्षातच आलं नव्हतं. हौसा मात्र त्या हाताकडं बघत होती. पाची बोटं, नखं, मनगटावरचा बांगडीचा वळ. तिनं पोरीला आपल्याकडं ओढून घेतलं आणि वॉर्डात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिच्या खाटेशी गेल्या. हौसा भिंतीकडं तोंड करून होती. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हौसा, मी लबाडी केली. मला हात आहे."

मग भिंतीकडूनच आवाज आला. "दिस मावळला की तुमचा हात तुमास्नी माघारी गावतो. माझा?"

बाई तशाच माघारी फिरल्या.

पुढच्या आठवड्यात ज्ञानू गाडी घेऊन आला. हौसा सगळ्यांच्या पाया पडली. आयाच्या पडली, आमच्याही पडायला लागली. बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांच्यासमोरून ती सरळ चालत गेली. गाडी माळावरून पार दिसेनाशी होईतो बाई तिथंच होत्या.

त्यानंतर बाईंनी शेवटच्या बराकीला कुलूप घातलं. सोंगाचा तास बंद. आमच्यापुढं त्या इंग्रजी पुस्तक उघडून बसत आणि खालच्या आवाजात वाचून दाखवत. सुरुवातीला आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, कामट्या नाहीत, एरंडेल नाही. मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. बाजारात चाचांनी मला थांबवून विचारलं, "बाई को सच में कुछ हो गया क्या? दोनों हाथ लेके घूमती हैं."

एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, पण ती जेवायला लागली ती तुमच्यामुळंच. नाही तर ती भिंतीकडून वळलीच नसती."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तिला जास्त लागलं. कुणी परक्यानं फसवलं असतं तर तिनं चार शिव्या दिल्या असत्या." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "समोरच्याला ठाऊक असतं तोवर ते सोंग. त्याला ठाऊक नसलं की ती फसवणूक. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुम्हाला शिकवायला बसले होते."

त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या त्याच इस्पितळात होत्या. बराकी पाडून पक्क्या इमारती झाल्या, माळावर कारखाने आले, महाळुंग्याच्या शिवारात आता कंपन्यांच्या भिंती आहेत. मी स्वतः मुंबईला कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. माझ्या वर्गातही सोंगाचा तास असे. हात बांधण्याआधी ज्या पेशंटसमोर जायचं त्याला सांगायचं, "मी थोडा वेळ तुमच्यासारखं वागून बघणार आहे, चालेल का?" आणि तो नाही म्हणाला तर गपचूप हात सोडायचा. विद्यार्थी विचारत, हा नियम कुठल्या पुस्तकातला? मी सांगायची, महाळुंग्याचा.

कारण बराकीचं कुलूप बाईंनी उघडलं नाही. ते हौसानं उघडायला लावलं.

तेव्हा आमची मुंबईला परतायची वेळ जवळ आली होती. दुपारची वेळ. आम्ही व्हरांड्यात पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. एक कांद्यांनी भरलेली बैलगाडी माळावरून आत वळली. ज्ञानू कांदा घेऊन पुण्याला निघाला होता आणि गाडी वाट वाकडी करून इकडं आली होती. हौसा खाली उतरली, ठकूला काखोटीला मारून तरातरा आमच्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाई कुठं हायत?"

बाई आतून आल्या आणि दारातच थबकल्या. हौसा त्यांना म्हणाली, "भाकरी येती मला. सासूबी खाती, गप खाती. पन तुमी येनी न्हाई शिकवली."

"वेणी?"

"हिची." तिनं ठकूला पुढं केलं. पोरीचे केस तोंडावर आले होते, गुंता झालेला. "सासूची बोटं वाकडी झाल्यात, तिला जमंना. शेजारनी रोज करत्यात व्हय? पोरं हिला थोटीची झिपरी म्हनत्यात. काल रडत घरी आली. म्हनली, आये, माझं क्यास काप." हौसाचा आवाज तिथं फाटला. "माझा हात गेला त्यो गेला. तिचं क्यास का म्हून जावं?"

बाई खाली वाकल्या. ठकूच्या तोंडावरची बट बाजूला करावी म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. म्हणाल्या, "हौसा, एका हातानं वेणी कशी घालायची ते मला ठाऊक नाही."

"मंग बसा की करून बघाया. कोट कुठाय तुमचा?"

"नको. ते मी सोडलं."

"मी सांगती म्हून घाला," हौसा म्हणाली. "आता मला ठावं हाय. आता त्यात कसली आली लबाडी?"

बाई हलल्या नाहीत. कुसुमच उठली आणि कोट घेऊन आली, किल्लीही घेऊन आली. बराकीचं दार उघडलं तेव्हा आत धुळीचा थर बसला होता. बाईंनी उजवा हात पोटाशी घेऊन कोट चढवला. हौसानं पुढं होऊन रिकामी बाही दुमडली. पिन लावताना तिच्या एका हाताला ती कापडातून जाईना. बाईंनी आपला डावा हात दिला. तिचा डावा आणि बाईंचा डावा, अशी ती पिन लागली.

ठकूला पाटावर मध्ये बसवलं. हौसा एका बाजूला, बाई दुसऱ्या. मधून भांग पाडला, म्हणजे दोघींना एकेक वेणी. केसांचे तीन पेड धरायचे आणि हात एक. बाईंनी एक पेड गुडघ्यानं ठकूच्या पाठीशी दाबून बघितला, तो निसटला. हौसानं कोपराखालचा उरलेला भाग टेकवून बघितला, तोही निसटला. बाई म्हणाल्या, "तीनच पेड हवेत असं कुणी सांगितलंय? दोनच घेऊ, पीळ घालू." हौसा म्हणाली, "पीळ उलगडतो वो. तुमास्नी आजून कायबी येत न्हाई." आणि हसली. मग ती हसता हसता बाईंच्या खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली. बाईंचा डावा हात ठकूच्या केसांत गुंतला होता आणि उजवा कोटात बांधलेला, तेव्हा त्यांना तिला जवळही घेता येईना. त्यांनी नुसता आपला गाल तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, "बोटं अजून दुखतात का गं?"

"दुखत्यात."

"मला काही कळत नाही गं त्यातलं."

"ऱ्हाऊ द्या," हौसा म्हणाली. तिनं नाक पुसलं. "तुमी येनी बघा."

ठकू कंटाळून चुळबुळ करायला लागली. दोघी पुन्हा कामाला लागल्या. एक पेड दातांत धरला की हाताला दोनच पेड उरतात, ते बोटांत बोटं घालून वर-खाली करता येतात, हे त्यांना जवळपास एकाच वेळी उमगलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघी खाली वाकल्या. हौसाची वेणी तिरकी, पण घट्ट, कानापासून खाली उतरायला लागली. बाईंची निम्म्यावर सुटली, त्यांनी पहिल्यापासून धरली.

बाहेरून ज्ञानूनं हाक दिली, "हौसा, आगं झालं का? पुन्याला कवा पोचायचं? बैलं जुपल्यात."

हौसानं उत्तर दिलं नाही. बाईंनीही दिलं नाही. दोघींच्या दातांत ठकूची एकेक बट होती.

मीच दारात गेले आणि म्हटलं, "ज्ञानूभाऊ, बैल सोडा."